दादाचे दोन ठोके

ज्याचा पुरावा सादर करता येत नाही, ते मी आयुष्यात कधी मानले नाही. असले अनुभव सांगणाऱ्यांना मी तोंडावर खोटारडे म्हटले आहे. आज सांगायची पाळी माझ्यावर आली, म्हणून जे घडले तेवढेच लिहितो.

माझा थोरला भाऊ, आमचा दादा, एकाहत्तरच्या युद्धात लष्कराची अ‍ॅम्ब्युलन्स चालवत असे. वाटेत तो पाठीमागच्या पत्र्यावर दोन ठोके मारी. आतल्या जखमीने दोन ठोके परत दिले की गाडी थांबवायची नाही, हा त्याचा नियम. पुढे गोरेगावात त्याने शंखजिऱ्याचा मऊ पांढरा दगड दळण्याचा कारखाना काढला. तिथेही दळणाचा मोठा ड्रम सुरू करण्यापूर्वी, आत सफाईला कोणी राहिले नाही ना, म्हणून तो तसेच ठोके मारून कान देई. ही पद्धत कोणत्याही नियमात बसत नाही, असे मी त्याला रीतसर पत्राने कळवले होते. तो हसला. "बाळा, तुझा कायदा ड्रमच्या बाहेर उभा असतो रे."

दादाला जाऊन तीन वर्षे झाली.

गेल्या महिन्यात, भर दुपारी, मालाडला माझ्या पत्नीला, सुनंदाला, हृदयविकाराचा झटका आला. अ‍ॅम्ब्युलन्स अंधेरीच्या हार्ट हॉस्पिटलकडे निघाली, मी ड्रायव्हरशेजारी. जोगेश्वरीला दुतर्फा बेकायदा पार्किंग — ज्याविरुद्ध मी अकरा पत्रे लिहिली आहेत — आणि गाडी ठप्प. तेवढ्यात मागे बसलेल्या नर्सचा ड्रायव्हरला फोन आला. पल्स लागत नव्हती.

"काका, इथल्याच नर्सिंग होमला वळवू?" ड्रायव्हरने विचारले. "निदान डेथ सर्टिफिकेट तरी..."

त्या शब्दाने माझे मस्तक फिरले. काय करतो आहे हे कळण्याआधीच मी मागच्या पत्र्यावर दोन ठोके मारले.

दोन ठोके परत आले.

ड्रायव्हरनेही ऐकले. "काकी शुद्धीवर आल्या वाटतं," तो म्हणाला.

"उलट्या बाजूने घाल," मी म्हणालो. "अंधेरीपर्यंत थांबायचं नाही. जबाबदारी माझी."

सुनंदा वाचली. पण गाडीत ती शुद्धीवर आलीच नव्हती. तिचे हात स्ट्रेचरच्या पट्ट्याखाली होते आणि नर्सचे दोन्ही हात तिच्या छातीवर. मी कंपनीकडे लेखी खुलासा मागितला, स्वतः जाऊन गाडी तपासली. त्या पत्र्याला आतून ऑक्सिजनचे सिलिंडर खेटून बांधलेले आहेत. मधे हात जाण्याइतकी जागाच नाही...

सिलिंडर हलले असतील, असे मुलगी म्हणते. गाडी उभी होती, हे मी तिला तीनदा सांगितले आहे.

माझ्याकडे खुलासा नाही. दादाला पाठवलेले ते पत्र मात्र मी या लेखाद्वारे मागे घेत आहे.