बत्तीताईची इमारत

माझी थोरली बहीण एका उंच इमारतीत वायरमन आहे. "बाई असून वायरमन कशी?" असं कुणी विचारलं, की ती म्हणते, "वायरीलाच विचारा, तिला काही फरक पडतो का!" इमारतीत लहानथोर सगळे तिला बत्तीताई म्हणतात.

त्या इमारतीच्या गच्चीवर सौर पॅनल बसले, तळघरात भल्यामोठ्या बॅटऱ्या आल्या, आणि कुठे किती वीज लागते ते बघून दिवे, पंप, लिफ्ट आपणहून सांभाळणारी संगणकाची यंत्रणा आली. आम्ही घरचे धास्तावलो. आता ताईची गरजच काय उरली? ताई मात्र यंत्रणा बसवणाऱ्या इंजिनिअर मुलीच्या मागेच लागली. तीही मनापासून शिकवायची. एकदा म्हणाली, "ताई, बाहेरची वीज गेली तर बॅटरी सगळ्याला पुरणार नाही. आधी काय बंद करायचं ते यंत्राला कळत नाही. ते आपणच ठरवून द्यायचं."

ताईने ते मनावर घेतलं आणि कुणाला कशाची गरज आहे ते विचारत ती घरोघर फिरली. सातव्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिकाबाईंनी तिला आत घेऊन दार लोटलं. त्यांचे यजमान ऑक्सिजनच्या मशीनवर होते. शेजाऱ्यांना पत्ताही नव्हता. तिसऱ्या मजल्यावरच्या कापडवाल्या शेठनी मात्र तिला दारातूनच परतवलं. "माझ्या एसीला हात लावलास तर बघ!"

सोसायटीच्या सभेतही शेठ कडाडले. ताई उठून उभी राहिली. "शेठ, वीज गेली तर तुम्हाला घाम येईल. पण इथे एक घर असं आहे, जिथे श्वास अडेल. कुठलं, ते मी सांगणार नाही."

शेठ खाली बसले. सगळ्यांत आधी एसी बंद, असं ठरलं.

पुढे उन्हाळ्यात एका भर दुपारी अख्ख्या भागाची वीज गेली. ताई फोन उचलेना म्हणून मी तिच्याकडे धावलो. इमारतीत लिफ्ट जवळच्या मजल्यावर अलगद थांबून उघडली होती, एसी गप्प होते, घरोघरी एकेक पंखा फिरत होता आणि सातव्या मजल्यावरची मशीन क्षणभरही थांबली नव्हती. ताई तळघरात संगणकाच्या पडद्यासमोर बसली होती. इतक्यात आभाळ भरून आलं, पॅनल मंदावले आणि बॅटरीचा आकडा भराभर उतरायला लागला. ताईच्या कपाळावर आठ्या पडल्या. यंत्रणेतून पंख्यांची वीज तोडणं तिच्या हातात होतं. पण वर म्हातारी माणसं होती, तान्ही पोरं होती. तिने इमारतीच्या ग्रुपवर लिहिलं, "बॅटरी उतरतेय. ज्यांना जमेल त्यांनीच पंखा बंद करा."

पहिला फोन शेठचा. "बत्तीताई, माझ्या घरची सगळीच वीज काढ. आम्ही खाली झाडाखाली बसतो. त्या घराला दे."

मग फोन थांबेचनात. उतरता आकडा हळूहळू अडखळला आणि तग धरून राहिला.

दिवेलागणीला वीज आली, तेव्हा निम्मी इमारत अंगणात गप्पा मारत होती. शिक्षिकाबाई लिफ्टने खाली आल्या, सगळ्यांसमोर हात जोडून म्हणाल्या, "ते घर आमचं."

शेठ पुटपुटले, "अहो बाई, आधी सांगायचं नाही का!"

ताई तळघरातून वर आली, घामाने निथळत. तिला बसायला द्यावं म्हणून बाकावरचे सगळेच एकदम उठले. मी शेजारच्या गृहस्थांना म्हणालो, "मी तिचा धाकटा भाऊ." त्यांनी काही विचारलं नव्हतं.