डोंगरासाठी राखलेले गुडघे

भावनगरात अनोपचंद दोशींचं साड्यांचं दुकान आहे. त्या दुकानाच्या गादीवर अनोपभाई छत्तीस वर्षं बसले. बसले म्हणजे खरोखरच बसले. साडी नोकराने काढायची, पाणी नोकराने द्यायचं, आणि दुपारचा डबा तर हंसाबेन, म्हणजे त्यांची बायको, स्वतः आणून समोर उघडणार. घर तख्तेश्वराच्या टेकडीच्या पायथ्याशी, दुकान तिथून दहा मिनिटांवर, तरी जायला-यायला स्कूटर. माणूस मात्र गोड. गिऱ्हाइकाला खोटं सांगणं नाही, कुणावर आवाज चढवणं नाही. पण वजन एकशे आठ किलो.

"एकशे आठ! जपमाळेचे मणी पुरे झाले," असं म्हणून ते स्वतःच पोट हलवत हसायचे.

हे हसणं थांबलं ते एकुलत्या एका लेकीने, झीलने, तेविसाव्या वर्षी जैन साध्वीची दीक्षा घेतली तेव्हा. मिरवणुकीत लेक रथात उभी राहून जवळचं सगळं वाटून टाकत होती, पुढे सगेसोयरे नाचत होते, आणि बाप मागे मोटारीत बसला होता. दोनशे पावलांतच त्याला धाप लागली होती. मग झीलचे केस उतरले, अंगावर पांढरी वस्त्रं आली, नावही बदललं. साध्वी श्रुतनिधीश्रीजी. साध्वीला पुरुषाचा स्पर्श चालत नाही, मग तो जन्मदाता का असेना. अनोपभाईंनी लेकीला हात जोडले आणि म्हणाले, "महाराजसाहेब, आजच्या मिरवणुकीत चालता आलं नाही. पण एकदा तुमच्याबरोबर पालिताण्याचा डोंगर चढेन. माझ्या पायांनी. डोलीत बसून नाही."

साडेतीन हजार पायऱ्यांचा तो डोंगर, वर जैनांचं मोठं तीर्थ. डॉक्टर कापसींनी ऐकलं आणि सांगितलं, "चढाल की. जेवण कमी करा आणि रोज तासभर चाला. दोन्ही हं, अनोपभाई. एकाने भागायचं नाही."

अनोपभाई व्यापारी. दोन गोष्टींतली एक सोडून भाव जमतो का, हे आधी बघणार. त्यांनी वर्षीतप धरलं. एक दिवस कडकडीत उपवास, नुसतं उकळलेलं पाणी. दुसऱ्या दिवशी दोनदाच जेवण. असं तेरा महिने. पारणं अक्षयतृतीयेला, पालिताण्यातच, उसाच्या रसाने. पुण्यही पदरात आणि पोटही आत. एका दगडात दोन पक्षी, असं ते म्हणायचे, आणि जैनाच्या तोंडी ही म्हण बरी दिसत नाही म्हणून लगेच जीभ चावायचे.

त्यांच्या निष्ठेबद्दल कुणी ब्र काढू नये. ज्या माणसाला गाठियांची पुडी पुरत नसे, त्याने घरात ढोकळ्याला फोडणी पडत असताना डोळे मिटून माळ ओढली. हंसाबेन स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून रडायच्या, पण मोडता कधी घातला नाही. उलट आता त्या नवऱ्याला उठूच देईनात. तपस्वी माणूस, त्याला कष्ट कशाला? चप्पलसुद्धा पायाशी आणून ठेवायच्या.

शेजारच्या धान्याच्या दुकानात पोती मोजायचा काटा होता. दर रविवारी अनोपभाई त्यावर उभे राहत आणि बाजार भोवती जमे. शंभर. त्र्याण्णव. पंच्याऐंशी. "वाह, अनोपभाई, अर्धा माणूस विकून टाकलात की काय!" सदरे दोनदा आत घेऊन झाले. पण गादीवरून उठताना त्यांना आता दोन्ही हात टेकावे लागतात, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. ज्याच्यात्याच्या नजरा काट्यावर.

दिवाळीनंतर लेकीच्या गुरुणींचा मुक्काम भावनगरात पडला. हंसाबेन आणि अनोपभाई वंदनाला गेले. लेकीने बापाकडे क्षणभर पाहिलं. दीक्षेआधीची थट्टा तिच्या आवाजात अजून थोडी शिल्लक होती.

"तप छान चाललंय तुमचं. चालणं?"

"उपवासाला कसलं चालणं, महाराजसाहेब? अंगात त्राण हवं ना."

"उपवास आम्हीही करतो. आणि त्याच दिवशी बारा-बारा किलोमीटर चालतोही. तुम्ही आमचं न खाणं तेवढं उचललंत, चालणं आमच्याकडेच ठेवलंत." ती हसली. मग हळू आवाजात म्हणाली, "तख्तेश्वर घराला लागून आहे. रोज एकदा त्या पायऱ्या चढा. एवढं एक माझं ऐका."

"उगाच गुडघे कशाला झिजवू?" अनोपभाई म्हणाले. "ते डोंगरासाठी राखून ठेवलेत."

चांगला माल मागच्या कपाटात राखून ठेवायचा, लग्नसराईत काढायचा. आयुष्यभर त्यांनी हेच केलं होतं आणि त्यात कधी खोट आली नव्हती. पाय म्हणजे पैठणी नव्हे, हे त्यांना कुणी कसं पटवावं?

अक्षयतृतीया आली. पहाटे डोंगराच्या पायथ्याशी अनोपभाई उभे राहिले, हातात काठी, वजन सत्त्याहत्तर किलो. शेजारी हंसाबेन. एक पायरी पुढे लेक, अनवाणी. दुसऱ्या दिवशी साध्वींचा संघ दूरच्या शिखरजी तीर्थाकडे निघणार होता. गुजरात सोडून, सगळा पूर्व मुलूख पायी. परत कधी, ते कुणी सांगू शकत नव्हतं. म्हणजे जे काय चढायचं ते आज.

पहिल्या शंभर पायऱ्या आनंदात गेल्या. दोनशेला मांड्या थरथरू लागल्या. तीनशेला ते बसले, उठले, पुन्हा बसले. छातीला धाप नव्हती, पोट आड येत नव्हतं, मन तर कधीच वर जाऊन पोचलं होतं. पायच नव्हते. चारशेच्या आसपास उजवा गुडघा दुमडला आणि अनोपभाई पायरीवर कोसळले. काठी खडखडत खाली गेली.

लेक वळली. तिचा हात पुढे आला. अर्ध्यात थांबला, आणि तिने तो मागे घेऊन वस्त्राखाली घट्ट धरला. अनोपभाईंनी ते पाहिलं. पडल्याचं दुःख त्यापुढे काहीच नव्हतं. लेकीवर ही वेळ आपण आणली, या विचाराने त्यांच्या काळजाचं पाणी झालं.

हंसाबेननी त्यांना बसतं केलं. डोलीवाले धावले. त्यातल्या एकाने बगलेत हात घालून अंदाज घेतला आणि खुशीत म्हणाला, "काका, तुम्ही तर अगदी हलके! चार माणसं नकोत, दोघंच नेऊ."

तेरा महिन्यांची भूक डोलीवाल्याच्या कामी आली.

"नको रे," अनोपभाई म्हणाले. "डोलीतून नाही म्हणालो होतो." मग लेकीला हात जोडले. "तुम्ही निघा, महाराजसाहेब. ऊन होईल."

साध्वीने सगळ्यांना द्यायचा तोच आशीर्वाद तिने बापाला दिला. "धर्मलाभ," एवढंच म्हणाली आणि वर निघाली. पांढरी वस्त्रं वळणाआड जाईपर्यंत अनोपभाई बघत राहिले. मग पायरीवर कपाळ टेकून लहान मुलासारखे रडले. हंसाबेन पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

दुपारी पारणं झालं. हार पडले, जयजयकार झाला, अनोपभाईंच्या बहिणीने चांदीच्या वाटीतून रस पाजला. तपस्वी म्हणून लोक त्यांच्या पाया पडत होते. आपल्या पायांना कुणी हात लावला की अनोपभाई पाय आखडून घेत.

दुसऱ्या दिवशी उजाडताच साध्वी निघाल्या. निरोप द्यायला गावकुसापर्यंत चालत जायची रीत. अनोपभाई धर्मशाळेच्या फाटकापर्यंत गेले आणि खांब धरून उभे राहिले. हंसाबेन मात्र गेल्या. त्यांनी कधी वर्षीतप केलं नव्हतं, अंगानेही भरलेल्याच. पण पहाटेपासून रात्रीपर्यंत पायांवर उभी असलेली बाई ती. लेकीच्या मागोमाग गावकूस ओलांडून दोन कोसांपर्यंत चालली.

ऊन चढल्यावर त्या परतल्या. अनोपभाई तिथेच, फाटकाशी बाकावर बसलेले.

"काही म्हणाली?"

"साध्वी काय म्हणणार! खाली बघून चालत होती." हंसाबेन शेजारी टेकल्या. "शेवटी एकच विचारलं. तख्तेश्वराला पायऱ्या किती आहेत, पप्पांना मोजून ठेवायला सांगाल का, म्हणाली."

"पप्पा म्हणाली?"

"हो. चुकून असेल."

एकसष्ट वर्षं अनोपभाई त्या टेकडीखाली राहत होते. पायऱ्या किती, हे त्यांना माहीत नव्हतं.