गझालाचे घास

आमच्या डोंगरावर गायीपुढे चारा टाकून निघून जायची रीत नाही. ज्वारीचं वाळलेलं ताट हिरव्या लसूणघासात गुंडाळायचं, मूठभर पेंडी करायची आणि गाणं म्हणत, लाडीगोडी लावत एकेक घास गायीच्या तोंडात द्यायचा. यात माझ्या शेजारच्या नूरियाचा हात धरणारी बाई गावात नव्हती. तिची गाय गझाला दुसऱ्या कुणाच्या हातचं खायचीच नाही.

पहाटेच्या नमाजानंतर मी वही घेऊन बसले, की भिंतीपलीकडून ते गाणं यायचं. तेव्हा तिची थोरली इश्राक उंबऱ्यावर चहात बुडवलेला भाकरीचा तुकडा चोखत असायची. पाच वर्षांची पोर, उंची तिनाची. दुधाचं तूप व्हायचं, तूप बाजारात जायचं आणि त्या पैशांत नूरियाच्या नवऱ्यासाठी, मुस्लिहसाठी, क़ातच्या नशेच्या पानांची जुडी यायची. दुपारभर तो गालात पानं कोंबून बसायचा.

धाकटी रीम वर्षाची झाली तेव्हा सुईण सुआद मापायची फळी घेऊन आली. दोघी बहिणींना आळीपाळीनं तिच्यावर ठेवलं.

"थोरलीची उंची आता भरून येणं कठीण," ती म्हणाली. "हिची अजून आपल्या हातात आहे. काय करायचं ते वर्षभरात."

"आमच्या घरात सगळेच ठेंगणे," नूरियाची सासू म्हणाली.

"तुमचा मुलगा रोज चौकटीवर कपाळ आपटतो, मावशी. तो ठेंगणा?"

नूरिया पुटपुटली, "ही तोंडच उघडत नाही गं. दोन घास, की मान फिरवते."

"आणि गाय लगेच उघडते? तिच्यापाशी तासभर बसतेस, गाणी म्हणतेस. तेवढं हिच्यापाशी बस. ज्वारीची पेज, वर दूध. चहा बंद."

दुसऱ्या दिवसापासून तेच गाणं दोनदा ऐकू येऊ लागलं. तीन महिन्यांत चौकटीवरची रीमच्या उंचीची कोळशाची रेघ दोन बोटं वर गेली. रीम भिंत धरून उभी राहिली. नूरियानं मला हाक मारून दाखवलं, मग घाईनं पोरीला पदराआड घेतलं, नजर लागायला नको म्हणून.

तूप मात्र कमी झालं.

"गाय माझी, चारा माझ्या रानातला. दूध कोण पितं?" मुस्लिहचा आवाज भिंतीतून आला.

"तुझीच लेक."

"लेकच ना!"

ईद झाल्यावर त्यानं गझालाला बाजारात नेलं. आलेल्या पैशांत क़ातची रोपं आणली आणि उतारावरच्या रानाच्या खालच्या दोन पायऱ्यांवरची ज्वारी उपटून तिथे लावली. कुदळ आमच्याकडून गेली. मीच काढून दिली. प्रत्येकाची रोजी अल्लाहनं लिहून ठेवलेली असते, असं मी या वहीत कितीदा लिहिलंय. त्या दिवशी लिहायला हात धजला नाही. अल्लाहनं लिहिलेली रोजी उपटली जाताना मी डोळ्यांनी पाहिली होती.

काल सुआद पुन्हा आली. रेघ होती तिथेच आहे.

"खाते का नीट?" तिनं विचारलं.

नूरिया चहात भिजवलेल्या भाकरीचे लहान लहान मुटके करून रीमच्या तोंडाशी धरत होती. गाणं तेच होतं, गझालाचं नावही त्यात तसंच.

"खाते की," ती म्हणाली. "आता तर हात दिसला की तोंड उघडते."