टोलनाक्याचं इंग्रजी

नांदेडच्या एका खासगी दवाखान्यात रिसेप्शनवर जागा निघाली, पण इंग्रजी बोलणारी बाई पाहिजे होती. बारावीपर्यंतचं माझं सगळं इंग्रजी मी परीक्षेच्या हॉलमध्येच ठेवून आले होते. नवरा म्हणाला, "मिळाली तर जा. न्हाई मिळाली तर शिलाई मशीन घेऊ." आमच्या कळमनुरीत शिलाई मशिनी इतक्या झाल्यात की कपडे घालणारी माणसं कमी पडतात. मला ती नोकरी पाहिजेच होती.

मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, काम अंगावर घेतलं. ते एसटीचे रिटायर कंडक्टर. स्टँडवर इंग्रजी पेपरची एकच प्रत यायची. कुणासाठी यायची ते पेपरवाल्यालाही ठाऊक नव्हतं, म्हणून मामांनी ती लावून टाकली.

पेपरात तेव्हा एका टोलनाक्याचं भांडण पेटलं होतं. नाक्याजवळच्या गावांना टोल माफ करा म्हणून लोक रस्त्यावर बसले होते. रांग अशी की पुढच्या गाडीतली हळद वसमतच्या बाजारात विकून झाली, तवर शेवटच्या गाडीतली उगवून वर आली. हे मी पाहिलेलं नाही, पण अंदाज येतो.

मामा म्हणाले, "पोरी, ही एकच बातमी धर. रोज नवा विषय घेतला की गाडी फाट्याफाट्याला थांबती. ह्या भांडणात बस आन् थेट नांदेडला उतर."

नियम असा की रोजचा नवा शब्द घरात वापरल्याशिवाय चहा नाही. पहिला शब्द निघाला एक्झेम्प्शन, म्हणजे सूट. मी सासूबाईंना म्हणाले, "आत्या, मला भांड्यांतून एक्झेम्प्शन द्या."

मामांनी अर्थ सांगितला. आत्या म्हणाल्या, "तुला काहून? तू काय नाक्यापाशी राहतीस का?"

मग स्टेलमेट आला. दोन्हीकडचे अडून बसले आणि पुढं काहीच सरकेना, की तो स्टेलमेट. आमच्या घरी तो वरणात लसूण घालायच्या मुद्द्यावर होता. महिनाभरात शेजारणीनं आमच्या भिंतीला सरपण लावलं तर आत्याच ओरडल्या, "बॅरिकेड लावून राहिली ही! मामोरँडम दीन मी!" त्यांना मेमोरँडम, म्हणजे निवेदन, म्हणायचं होतं, पण शेजारणीनं घाबरून सरपण उचललं. आमची शेळीसुद्धा 'अजिटेशन' म्हटलं की पाला सोडून वर बघायची.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी माझ्या ध्यानात आलं, की लाठीमार, निदर्शनं, शिष्टमंडळ, सगळं मला इंग्रजीतून येतं. पोटदुखी येत नाही.

मामा म्हणाले, "आता रूट बदलता येत न्हाई. गाडी सुटली."

मुलाखतीला तिघं होते. मधे डॉक्टरीणबाई. त्या इंग्रजीतून म्हणाल्या, घरच्यांबद्दल सांगा. मी सुरू झाले, की आमच्या घरात चार लोकल रेसिडेंट्स आहेत. सासूबाईंशी स्टेलमेट होता, पण टॉक्स आर ऑन. सासऱ्यांनी मध्यस्थी केली आहे. परिस्थिती तणावपूर्ण पण नियंत्रणात आहे. सगळं इंग्रजीत, न अडखळता. डावीकडच्या साहेबांनी पेन खाली ठेवलं.

बाई म्हणाल्या, "पेशंटचा नातेवाईक दोन तास बसलाय आणि काउंटरवर येऊन आरडाओरडा करतोय. काय बोलाल?"

ही तर माझी पाठ बातमी! टोलवाल्यांचा प्रवक्ता रोज जे बोलायचा ते मी बोलले: झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. तुमची मागणी वरिष्ठांपर्यंत पोचवली आहे. कृपया शांतता राखा.

"तरी ओरडला तर?"

"ॲडिशनल फोर्स विल बी डिप्लॉइड."

बाई माझ्याकडं बघत राहिल्या. शिलाई मशीनची खडखड मला तिथंच ऐकू यायला लागली. मग त्या साहेबांकडं वळून मराठीत म्हणाल्या, "आपल्या काउंटरला दुसरं लागतंच काय?" आणि मला म्हणाल्या, "सोमवारपासून या."

सोमवारी पहिला माणूस आला तो पुसेगावचा म्हातारा. "बाई, डाक्टर कव्हा येते?"

"येऊन राहिले. बसा, बाबा."

दिवसभर हेच. कुणी हिंदीत विचारलं, कुणी नुसती चिठ्ठी पुढं केली. इंग्रजीला कुणी बोटसुद्धा लावलं नाही.

घरी आले तर मामा दारातच. "बोललं का कुणी इंग्रजीत?"

त्यांचा चेहरा बघून मला 'न्हाई' म्हणवेना. म्हणाले, "आला होता एक गोरा. पोट धरून. माझ्याशिवाय कुणाला समजेना त्याचं."

मामा लगेच चप्पल घालून स्टँडकडं गेले. तिथं त्यांनी दोन गोरे सांगितले असावेत. पुढच्या आठवडी बाजारात भाजीवालीनं मला थांबवलं, "काय वं, ते सातही गोरे बरे झाले का?"

मी म्हणाले, "सहा घरी गेले. एक अजून ॲडमिट हाय."