बायकांच्या घड्याळांचा डबा

आमच्या काकांच्या कपाळावर, डाव्या भुवईच्या जरा वर, एक गोल वळ कायमचा उमटलेला होता. घड्याळं दुरुस्त करताना भिंग डोळ्यावर ओढायचं आणि काम झालं की कपाळावर सरकवायचं, अशी सवय. जेवायला बसले तरी भिंग तिथेच. काकू म्हणायची, "काढा ते आता. ताटातलं काही बिघडलेलं नाही."

नोकरी लागल्यावर मी काही वर्षं त्यांच्याकडे राहायला होते. काकांचं दुकान म्हणजे एका इमारतीच्या जिन्याखालची चिंचोळी जागा. आत काका, काच लावलेलं टेबल आणि भिंतभर टिकटिक. गिऱ्हाइकानं बाहेरूनच वाकून बोलायचं.

पूर्वी हे दुकान काकांचं आणि त्यांच्या एका दोस्ताचं होतं. एकाच उस्तादाच्या हाताखाली शिकलेले दोघं; काकांना उस्ताद 'भिंग' म्हणायचे आणि दुसऱ्याला 'चिमटा'. पुढे सेलवरची घड्याळं आली. चिमटाकाका म्हणाले, आपणही ती ठेवू. काका म्हणाले, "सेल बदलणं म्हणजे दिवा बदलणं. त्याला कारागीर कशाला लागतो?" चिमटाकाका म्हणाले, "लोकांना वेळ कळली म्हणजे झालं. तुझी कारागिरी कोण बघतंय?" शब्दानं शब्द वाढला. मग वाटण्या झाल्या. सुट्या भागांसाठी जपून ठेवलेली जुनी बंद घड्याळंही वाटली गेली. पुरुषांच्या घड्याळांचा डबा काकांकडे आला, बायकांच्या घड्याळांचा चिमटाकाकांकडे गेला. त्यांनी त्याच रस्त्यावर, पलीकडच्या बाजूला दुकान थाटलं. तेव्हापासून काका घरी येताना अलीकडच्या बाजूनं, खाली मान घालून यायचे. त्यांचा विषय निघालाच तर नुसतं 'तो' म्हणायचे.

आणि एके दिवशी काकूचं घड्याळ पडलं. कपडे भिजवताना तिनं ते काढून कट्ट्यावर ठेवलं होतं, ओला हात लागला आणि थेट फरशीवर. लग्नानंतर काकांनी स्वतः जुळवून दिलेलं ते घड्याळ, नखाएवढ्या तबकडीचं. रोज सकाळी केस विंचरून झाले की ती त्याला चावी द्यायची. काकांनी ते उघडलं, भिंग ओढलं आणि चिमट्यानं आतलं चाक हलवून बघितलं.

"आस मोडलाय," शेवटी म्हणाले.

घड्याळाच्या पोटात एक चाक, बॅलन्स, सतत मागेपुढे झुलत असतं. ते ज्या दांडीवर झुलतं तो आस. काकूच्या घड्याळातला आस तिळाहून लहान, आणि त्याचं केसासारखं टोक तुटलं होतं. ते घड्याळ बनवणारी कंपनी केव्हाच बंद झालेली. काकांनी ओळखीच्या दुकानदारांना विचारलं, बाजारातली भंगाराची टोपली उपसली. मग घरीच पोलादाच्या तारेतून आस घडवायला बसले. एक मोडला, दुसरा मोडला. तिसऱ्या वेळी चिमट्यातून तार उडाली आणि मी सतरंजीवर ओणवी होऊन शोधत बसले. वर बघितलं तेव्हा दिसलं. काकांचा हात थरथरत होता.

स्वयंपाकघरात मी काकूला हळूच सांगितलं. ती म्हणाली, "मला ठाऊक आहे. त्यांना मी अर्धाच कप चहा देते ते काय उगाच? दोनदा देते, पण अर्धा." मग आवाज चढवून बाहेर ऐकू जाईल असं बोलली, "घड्याळजीची बायको आणि मनगट मोकळं! राहू दे. भिंतीवर घड्याळ आहेच की."

ते काकांना लागलं असावं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मला म्हणाले, "चल जरा. रस्ता ओलांडायचाय."

चिमटाकाकांच्या दुकानात आता मोबाईलची कव्हरं लटकत होती. ते एका मोबाईलवर काच चिकटवत बसले होते. काकांना बघून त्यांचे हात थांबले.

"बोला," ते म्हणाले. इतक्या वर्षांच्या दोस्ताला 'बोला'!

काकांनी रुमालाची घडी उलगडून घड्याळ पुढे ठेवलं. "बॅलन्सचा आस गेलाय. तुझ्या डब्यात याची बहीण असेल."

"तो डबा भंगारात दिला."

"तू? तू तर सुतळीचा तुकडासुद्धा टाकत नाहीस."

चिमटाकाकांच्या ओठांचा कोपरा हलला. "वहिनींचं ना हे?" असं विचारून ते उठले, स्टुलावर चढले आणि वरच्या फळीवरून पत्र्याचा डबा काढला. आत कापसाच्या थरांत इवलीइवली घड्याळं निजवलेली होती. दोघं डोक्याला डोकं लावून बघू लागले. हे नाही, ते नाही, याची चकती मोठी. तळाशी एक सापडलं, काच फुटलेलं, पण आतून जसंच्या तसं.

"आसाची खटपट नको. चाकासकट उचलून बसव," चिमटाकाका म्हणाले आणि चिमटा पुढे केला.

काकांनी तो घेतला. क्षणभर धरला. मग खाली ठेवला.

"तू बसव."

"का रे?"

"हात गारठलाय."

बाहेर सदरा अंगाला चिकटेल असा उकाडा होता. चिमटाकाकांनी काकांच्या हाताकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि खुर्ची ओढली.

"पण बघ हां, सवय मोडलीय. चुकलो तर सांग."

"चुकशीलच. जरा डावीकडे घे. अरे, माझ्या डावीकडे नव्हे, तुझ्या!"

"ओरडू नकोस. उस्तादही एवढे ओरडत नव्हते."

चाक बसलं, थबकलं आणि झुलू लागलं. दोघंही श्वास रोखून होते ते एकदम हसलेच. चिमटाकाकांनी डोळे पुसले आणि काचेवरच्या धुळीला दोष दिला.

घरी काकूनं घड्याळ मनगटावर बांधलं, कानाशी नेलं. "कुणी केलं?" तिनं विचारलं.

"चिमट्यानं," काका म्हणाले. कितीतरी वर्षांनी त्यांच्या तोंडून ते नाव मी ऐकलं. काकू म्हणाली, "मग त्याला रविवारी जेवायला का नाही बोलावलंत?"

वर्षाच्या आतच काकांनी जिन्याखालची जागा सोडली आणि रोज पलीकडे जाऊन बसू लागले. पगार नाही, भागीदारी नाही, नुसतं बसायचं. सेल बदलायला आलेल्या माणसाला दोन शब्द ऐकवायचे आणि चावीचं घड्याळ आलं की खुर्ची पुढे ओढायची.

पुढे माझी बदली झाली. आता दोघंही नाहीत. ते दिवस आठवतात तेव्हा मला दुपारचा तो रस्ता दिसतो. काकूनं मला जेवायला बोलवायला पाठवलंय, आणि आत ते दोघं कुणा शाळेच्या भिंतीवरचं भलंथोरलं घड्याळ उघडून भांडताहेत.

"काका, जेवण गार होतंय."

"होऊ दे. आधी याला सांग, हा स्क्रू उलटा फिरतो!"