किरीट कशानं तापतं
गंगापूर रोडवरच्या एका कॉलेजात फिजिक्सच्या लेक्चररची एक कायम जागा निघाली, तेव्हा मी तासिका तत्त्वावर राबून मेटाकुटीला आले होते. वडील मनमाडला रेल्वेत कारकून. आमच्या बौद्धांच्या वसाहतीत एम.एस्सी. झालेली मी पहिलीच. मुलाखतीला निघताना वडिलांनी एवढंच बजावलं, "साहेबांसमोर 'माहीत नाही' म्हणू नकोस. दुसऱ्यांचं ते विसरतात, आपलं लक्षात ठेवतात."

नमुना पाठासाठी विषय मीच निवडला होता, सूर्याचं वातावरण. शहाणपणा नडतो तो असा. सूर्याचा पृष्ठभाग सहा हजार अंशांच्या आसपास, आणि त्याच्या कितीतरी वरचं किरीट, म्हणजे खग्रास ग्रहणात दिसणारं प्रभेचं कडं, दहा लाखांच्या पुढे. चुलीपासून लांब सरकावं आणि चटका वाढावा, तसलं हे त्रांगडं. मधल्या थरातून तप्त वायूचे फवारे उसळतात आणि काही मिनिटांत विरतात, इथवर मी झोकात सांगितलं.

बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी चष्मा काढला. हे फवारे उडतात कशानं आणि किरीट तापतं कशानं, एका वाक्यात सांगा, म्हणाले.

चुंबकीय रेषांचा पीळ सुटतो म्हणून, असं ठोकून दिलं असतं तर खपलं असतं. पण ते अर्धंच खरं होतं, आणि अर्धं खरं फळ्यापाशी उभं राहून सांगायची मला चीड आहे.

"ऊर्जा चुंबकीय क्षेत्राचीच, सर. पण ती लाटांनी वर जाते की रेषा तुटून पुन्हा जुळताना सुटते, हे नक्की माहीत नाही."

"तुम्हाला माहीत नाही."

"अजून कुणालाच नाही, सर."

ते कागदावर काहीतरी लिहू लागले. शेजारचे गृहस्थ त्यांच्याकडे झुकून हळूच म्हणाले, "यांची तयारी नेहमीच कमी पडते."

मराठीत 'यांची' आदरार्थीही असतं. पण मी त्या खोलीत आयुष्यात पहिल्यांदाच आले होते. मग 'नेहमीच' कुणाची? अंगाची लाही झाली, तरी मी "थँक यू सर" म्हणून बाहेर पडले.

घरी वडिलांनी सगळे प्रश्न विचारून घेतले. सूर्याच्या प्रश्नाशी थांबून म्हणाले, "मग सांगितलंस ना?"

मी हो म्हणाले. त्यांनी ते वसाहतभर सांगितलं.

जागा दुसऱ्याला गेल्याचं मला चार दिवसांत कळलं. वडील मात्र महिनाभर पोस्टमनच्या वेळेला इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे राहत होते, आणि मी आतून बघत होते.