डाव्या खांद्याची बंदूक

माझ्या सासऱ्यांची बंदूक मी पहिल्यांदा पाहिली ती लग्नानंतरच्या खंडेनवमीला, पूजेत मांडलेली. माझ्या माहेरीही दुनळी होती, पण ती सगळ्यांकडे असते तशी, नळ्या शेजारीशेजारी. हिच्या नळ्या एकावर एक. बाई गं, काय देखणी चीज! अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, त्यात मधाच्या रंगाच्या रेघा, आणि पोलादावर इतकी नाजूक पानंफुलं कोरलेली की कुंकू वाहताना माझं बोट तिथंच रेंगाळलं. मिटताना आवाज तरी केवढा, तर कुंकवाच्या करंड्याचं झाकण लागावं तेवढा.

आमचं घर राहात्याजवळ, मळ्यात. मामंजी सांगायचे, एका इंग्रज साहेबानं ती विलायतेत अंगाची मापं देऊन करून घेतली होती आणि देश सोडताना यांना देऊन गेला. यांनाच का? तर साहेब डावरा, आणि मामंजीही डावरे. दस्ता जरासा डावीकडे झुकवलेला, म्हणजे डाव्या खांद्याला लावली की डोळा आपसूक नळीच्या रेषेत येतो. उघडायची पट्टीसुद्धा डाव्या अंगठ्यानं ढकलायची. मामंजी म्हणायचे, "शाळेत डाव्या हातावर छड्या खाल्ल्या, घरात चटके खाल्ले. ही खांद्याला लावली तवा पयल्यांदा वाटलं, आपल्यासाठी बी कुणी कायतरी घडवलंय."

हे ऐकताना मी माझा डावा हात पदराखाली घ्यायचे. कारण मीही डावरीच. बघायला आले तेव्हा माहेरच्यांनी ते शिताफीनं झाकलं होतं, पण सासरच्या पहिल्याच पंगतीत उघडं पडलं. तेव्हापासून सासूबाईंचा, आमच्या आत्याबाईंचा, एकच घोषा: "उजव्या हातानं वाढ गं बये! लोकं काय म्हणतील?" उजव्यानं वाढायला जावं तर निम्मी आमटी ताटाबाहेर. मग सांडल्याबद्दल आणखी बोलणी. अस्सा संताप यायचा म्हणून सांगू! मामंजींना दिसत होतं सगळं, पण चूल आत्याबाईंची, तिथं ते तोंड उघडत नसत.

मग शिकारबंदीचा कायदा आला, आणि मामंजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. माझे मालक साखर कारखान्यात नोकरीला, त्यांना बंदुकीत काडीचा रस नाही. शेवटी मामंजींनी नगरच्या बंदूकवाल्या दुकानदाराकडे निरोप ठेवला, जुन्या बंदुका जमवणारा कुणी दर्दी असला तर धाडून द्या. अट एकच, दस्ता सरळ करायचा नाही.

पुण्याकडचे दोघंतिघं येऊन गेले. बंदूक बघून खुळावायचे, उजव्या खांद्याला लावायचे आणि नाक मुरडायचे. दस्ता सरळ करून घेऊ म्हणाले की मामंजी हात जोडायचे. आत्याबाई करवादायच्या, "काय तिचे येवढे चोचले!" मी मात्र आतल्या आत खूश व्हायचे.

एका सकाळी मुंबईचे एक गृहस्थ आले. जाणकार माणूस. मामंजींनी बंदूक उघडून रिकामी असल्याचं दाखवलं, मगच त्यांच्या हातात दिली. त्यांनी खिशातून भिंग काढलं, कोरीवकाम बघताना चहा गार झाला तरी भान नाही. "अशी मी हिंदुस्थानात दुसरी पाहिली नाही," म्हणाले. मग उजव्या खांद्याला लावली आणि कपाळाला आठी. "एवढा एक दोष आहे. पण आमचा कारागीर गरम तेलात घालून लाकूड सरळ करतो. कळणारसुद्धा नाही."

इतका पारखी माणूस पुन्हा यायचा नाही, हे मामंजींना कळत होतं. ते हो म्हणतात की काय, या धास्तीनं माझा तोल गेला. पाहुण्यांसमोर सुनेनं बोलायचं नसतं, पण बोलून गेले.

"दोष तिच्यात नाही! खांदा चुकतोय तुमचा!"

आत्याबाईंनी कपाळावर हात मारला. मामंजींनी मात्र बंदूक घेतली, पुन्हा उघडून दोन्ही नळ्या बघितल्या आणि माझ्यापुढं धरली. "लाव खांद्याला. घाबरू नगं, मोकळी हाय."

पदर खोचला आणि लावली. देवाशपथ सांगते, जन्मात कधी बंदूक धरली नव्हती, पण गाल दस्त्यावर टेकला आणि समोर सरळ एक रेघ, रेघेच्या टोकाला नेम धरायची पितळी माशी. कुठं ओढाताण नाही, कुठं मान वाकडी करणं नाही. मला रडूच आलं.

पाहुण्यांनी माझ्यासमोर येऊन माझा डोळा नळीच्या रेषेत बसलाय का ते बघितलं. मग म्हणाले, "चूक झाली माझी. आहे तशीच ठेवीन. मला चालवता येणार नाही, पण माझ्या घरात तिला कुणी हात लावणार नाही."

"न्या मग," मामंजी म्हणाले.

कागदपत्रं, परवाने सगळं पुढं नगरच्या दुकानातून व्हायचं होतं, पण शब्द दिला गेला होता. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. मामंजींनी बंदुकीवरून एकदा हात फिरवला, ती कपड्यात गुंडाळली आणि पाहुण्यांना जेवायला बसवलं.

मी आमटीचं पातेलं घेऊन आले. सवयीनं पळी उजव्या हातात घेतली, तशी मामंजींनी आत्याबाईंना हाक मारली. पाहुण्यांच्या देखत.

"ऐकलं का? ती बंदूक एवढी वर्सं कुणी दुसऱ्याच्या सोयीनं वाकवली न्हाई, आन् हितून पुढं बी वाकवनार न्हाईत. आता हिला बी वाकवायची न्हाई."

आत्याबाईंचं तोंड लाल झालं. मला वाटलं, आता आभाळ फाटतंय. पण पाहुण्यांच्या ताटाकडे नजर ठेवून, माझ्याकडे न बघताच त्या म्हणाल्या, "मंग वाढ की तुझ्या हातानं. आमटी गार व्हतीय."

मी पळी डाव्या हातात घेतली. डाव्यानं वाढायची सवयच मोडली होती, पहिलीच पळी पाहुण्यांच्या ताटाबाहेर सांडली. सांडलेलं आत्याबाईंनी फडक्यानं टिपलं. पाहुण्यांनी वाटी पुढं केली.